इन्व्हर्स लाप्लास: आधी छेद नीट लिहा, मग सोडवा

इन्व्हर्स लाप्लास काढताना, म्हणजे लाप्लास रूपांतराने एस मध्ये गेलेलं फलन परत टी मध्ये आणताना, इंटिग्रेशन जवळजवळ करावंच लागत नाही, असं सांगितलं की दुसऱ्या वर्षाला नव्याने आलेल्या मुलांचा विश्वास बसत नाही. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली मुलं तर आधीच धास्तावलेली असतात. सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज असो, साखराळ्याची आरआयटी असो की पलीकडे कराडचं शासकीय कॉलेज, इंजिनिअरिंगच्या गणितात लाप्लास कुणाला चुकत नाही. मी सांगलीत संध्याकाळी याच विषयाचा क्लास घेतो. वह्या तपासताना एक गोष्ट सतत दिसते: रीत माहीत असते, पण लिहिताना एक कंस राहतो आणि तिथून पुढचं पानभर गणित भलत्याच प्रश्नाचं उत्तर होऊन बसतं. म्हणून या लेखात लिहिण्याला जेवढी जागा दिली आहे तेवढीच सोडवण्याला.

लेखापुरती एक सोय करून घेऊ. तुमच्या पुस्तकात इंग्रजी एस असतो तिथे मी 'स' लिहितो, टी असतो तिथे 'ट', आणि घातांकीय ई ला सरळ 'ई'. घात दाखवायला ^ ही खूण, भागायला / ही. बाणाच्या डावीकडे 'स'चं रूप, उजवीकडे त्याचा इन्व्हर्स.

एका ओळीत लिहिता आलं पाहिजे

हे बघा:

१/स^२ + ४

कुणीतरी ग्रुपवर असं टाकतं आणि खाली तीन जण तीन उत्तरं देतात. नियमाने वाचलं तर आधी घात, मग भागाकार, शेवटी बेरीज. म्हणजे हे (१/स^२) + ४ झालं आणि त्याचा इन्व्हर्स ट + ४ डेल्टा(ट). (डेल्टा म्हणजे ट = ० ला बसणारा क्षणिक झटका; तो १ चा इन्व्हर्स.) पण विचारणाऱ्याच्या मनात होतं १/(स^२ + ४), ज्याचा इन्व्हर्स (१/२) साइन(२ट). दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि फरक आहे फक्त एका कंसाचा.

वहीत अपूर्णांकाची आडवी रेघ असते तेव्हा ती रेघच कंसाचं काम करते. रेघेखाली जे जे आहे ते सगळं छेद. तीच गोष्ट एका ओळीत टाइप केली की रेघ जाते आणि तिच्याबरोबर तिचं कामही जातं. म्हणून नियम साधा ठेवा: अंशात एकाहून जास्त पदं असतील तर अंशाला कंस, छेदात एकाहून जास्त पदं किंवा अवयव असतील तर छेदाला कंस. जास्तीचा कंस पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. कमी पडला तर बिघडतं.

छेदात गुणाकार असेल तर लोक हमखास फसतात. १/२स म्हणजे १/(२स) की (१/२)स? पहिल्याचा इन्व्हर्स १/२ एवढा साधा. दुसरं म्हणजे स/२, आणि नेहमीच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. तसंच ई^−२ट असं लिहिलं की −२ एवढाच घातात आहे की ट सुद्धा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. ई^(−२ट) लिहा. साइन २ट/२ लिहिलं तर साइन(ट) होतं की साइन(२ट) ला दोनने भागायचंय? साइन, कॉस, लॉग यांच्यामागे कंस उघडायचा म्हणजे उघडायचाच, पुस्तकात नसला तरी.

कंस मोजायची सवय लावा. डावीकडून चालत जा, उघडणारा आला की एक वाढवा, बंद होणारा आला की एक कमी करा. शेवटी शून्य आलं पाहिजे, आणि मध्ये कुठेही शून्याच्या खाली जाता कामा नये.

वहीतलं अक्षर

टाइप करण्यात कंस राहतो, तर वहीत अक्षर फसवतं. घाईत काढलेला इंग्रजी एस आणि इंग्रजी पाच यांत फरक राहत नाही. "सर, हे पाच आहे का एस?" हा प्रश्न मला स्वतःचीच वही वाचणाऱ्या मुलांनी विचारलेला आहे. पाचाची वरची रेघ सरळ आणि वेगळी काढा, एस पूर्ण वळणाचा काढा. टी आणि अधिकचं चिन्ह ही दुसरी जोडी. टी ला खाली शेपटी वळवून काढली की प्रश्न मिटतो. इथे हलगर्जीपणा महाग पडतो, कारण या धड्यात एका बाजूला सगळं एस मध्ये असतं आणि दुसऱ्या बाजूला सगळं टी मध्ये. एक अक्षर चुकीचं वाचलं की तुम्ही नेमके कुठल्या बाजूला आहात तेच कळत नाही.

अपूर्णांकाची रेघ आणि बरोबरचं चिन्ह एका पातळीत ठेवा. रेघ छेदाइतकी लांब ओढा, अर्ध्यावर सोडू नका.

आणि मुख्य म्हणजे, बरोबरचं चिन्ह जपून वापरा. बरोबरची ही खूण रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये आणली. दोन समांतर रेघांहून जास्त सारखं दुसरं काही असू शकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पण आपल्या वह्यांत सर्रास असं दिसतं:

१/(स − ३) = ई^(३ट)

हे चूक आहे. डावीकडे स आहे, उजवीकडे ट आहे, दोन्ही सारखे कसे असतील? डाव्या बाजूला इन्व्हर्स लाप्लासची खूण आणि महिरपी कंस लावा, मगच बरोबरचं चिन्ह टाका. दर ओळीला ती खूण लिहायचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. मग सगळी तोडफोड आधी फक्त स मध्ये पुरी करा आणि शेवटी एकदाच खूण लावून ट मध्ये या. परीक्षकाला वाचायलाही हे बरं पडतं.

पाठ किती करायचं

फार नाही.

१/स → १
१/स^(न+१) → ट^न / न!
१/(स − अ) → ई^(अट)
अ/(स^२ + अ^२) → साइन(अट)
स/(स^२ + अ^२) → कॉस(अट)

अधिकच्या जागी उणे आलं की साइनच्या जागी साइनहाइप आणि कॉसच्या जागी कॉसहाइप, म्हणजे हायपरबोलिक. याशिवाय पहिला शिफ्टिंग नियम: स च्या जागी सगळीकडे (स − अ) आला, तर उत्तराला ई^(अट) ने गुणायचं. बस्स, एवढ्यावर निम्मा पेपर निघतो.

तक्ता उलटा वाचला तर चालतो कशावरून, असं एखादा हुशार पोरगा विचारतोच. दोन वेगवेगळ्या सलग फलनांचं लाप्लास रूपांतर एकच असू शकत नाही, हे मात्याश लेर्ख या चेक गणितज्ञाने सिद्ध केलं. त्या जोरावर आपण उलटं वाचतो. इन्व्हर्ससाठी संमिश्र संख्यांच्या पातळीतलं एक इंटिग्रलही आहे, पण सेकंड इयरला ते कुणी काढायला सांगत नाही.

आता छेदाकडे बघा

प्रश्न हातात आला की अंशाकडे ढुंकूनही बघू नका. आधी छेद. पुढे कुठल्या वाटेने जायचं ते छेद सांगतो.

त्याआधी एकच तपासणी: अंशाची कोटी (स चा सर्वांत मोठा घात) छेदापेक्षा लहान आहे ना? नसेल तर आधी भागून घ्या. स^२/(स^२ + ४) म्हणजे १ − ४/(स^२ + ४), आणि इन्व्हर्स डेल्टा(ट) − २ साइन(२ट). भागाकार न करता थेट अवयवांकडे गेलात तर डेल्टा हरवतो.

*छेदाचे वेगवेगळे अवयव पडतात*

(५स + १)/(स^२ + स − २)

छेद (स − १)(स + २). म्हणजे हा अपूर्णांक क/(स − १) + ख/(स + २) असा फुटणार. इथे तीन-चार ओळींची समीकरणं मांडायची गरज नाही. छेदातला (स − १) बोटाने झाका आणि उरलेल्या सगळ्यात स = १ टाका: ६/३, म्हणजे क = २. मग (स + २) झाका, स = −२ टाका: (−९)/(−३), म्हणजे ख = ३. उत्तर:

२ ई^(ट) + ३ ई^(−२ट)

ही झाकून काढायची युक्ती ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) याच्या नावाने ओळखली जाते. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, तो तारायंत्रावर काम करत होता आणि कॉलेजात कधी गेलाच नाही. डिप्लोमाच्या मुलांना हे मी मुद्दाम सांगतो.

काही परीक्षक पायऱ्या मागतात. अशा वेळी "स = १ घेऊन" एवढी एक ओळ लिहिली की पुरतं.

*अवयव दोनदा आला*

१/(स (स + २)^२)

इथे हमखास गफलत होते. (स + २) चा वर्ग आहे म्हणून एकच पद लिहितात. दोन लागतात:

क/स + ख/(स + २) + ग/(स + २)^२

झाकण्याची युक्ती क आणि ग ला चालते: क = १/४, ग = −१/२. ख ला ती चालत नाही, कारण झाकूनही छेदात (स + २) उरतो आणि शून्याने भागायची वेळ येते. ख साठी सोपी वाट अशी: दोन्ही बाजूंना स ने गुणा आणि स खूप मोठा होऊ द्या. डावी बाजू शून्याकडे जाते, उजवीकडे क + ख उरतं. म्हणजे ख = −१/४. उत्तर:

१/४ − (१/४) ई^(−२ट) − (१/२) ट ई^(−२ट)

शेवटच्या पदातला ट विसरू नका. तो आलाय १/स^२ → ट या ओळीतून, शिफ्टिंग लावून.

*अवयव पडतच नाहीत*

(२स + ३)/(स^२ + ६स + २५)

डिस्क्रिमिनंट (विवेचक) काढा: ३६ − १०० = −६४. उणे आलं, म्हणजे अवयवांचा नाद सोडा आणि वर्ग पूर्ण करा. मधल्या पदाच्या सहगुणकाचं निम्मं ३, त्याचा वर्ग ९, उरले १६:

छेद = (स + ३)^२ + ४^२

आता अंशाकडे बघायची वेळ आली. छेदात (स + ३) आहे म्हणून अंशातही (स + ३) च तयार झाला पाहिजे, नुसता स चालणार नाही. २स + ३ म्हणजे २(स + ३) − ३. बरीच मुलं २स घेऊन तडक कॉस लिहून टाकतात, आणि बाकी ३ साइनला. असं केलं की साइनचं पद चुकतं. बरोबर मांडणी:

२(स + ३)/((स + ३)^२ + १६) − ३/((स + ३)^२ + १६)

साइनच्या ओळीला अंशात ४ हवा, आपल्याकडे ३ आहे, म्हणून ३/४ बाहेर येतो. उत्तर:

ई^(−३ट) (२ कॉस(४ट) − (३/४) साइन(४ट))

या एका गणितात वर्ग पूर्ण करणं, शिफ्टिंग, कॉस, साइन आणि कंस असं सगळं येतं. नवीन मुलांनी दुसरं काही नाही जमलं तर याच्यासारखी गणितं आकडे बदलून बदलून करावीत.

ई^(−अस) दिसला की थांबा

आपल्याकडे शेतातल्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की तो लगेच मोटार सुरू करत नाही. व्होल्टेज जरा ठरू देतो आणि मग मोटार चालू करतो. गणितात ई^(−२स) चं काम नेमकं हेच: जे काही घडणार आहे ते दोन सेकंद उशिरा घडवायचं. खरा ऑटो जास्त थांबतो, हिशेबाला दोन सेकंद धरू.

ई^(−२स) / (स (स + १))

ई^(−२स) कडे सध्या डोळेझाक करा. उरलं १/(स(स + १)), म्हणजे १/स − १/(स + १), इन्व्हर्स १ − ई^(−ट). वेग शून्यापासून वाढत वाढत पूर्ण वेगाच्या जवळ जातो असं हे फलन. आता उशीर लावा: प्रत्येक ट च्या जागी (ट − २), आणि शेवटी युनिट स्टेप यू, म्हणजे ट = २ पर्यंत शून्य आणि पुढे १ असणारं फलन:

(१ − ई^(−(ट − २))) यू(ट − २)

मुलं काय करतात? (१ − ई^(−ट)) यू(ट − २) लिहून मोकळी होतात. ट = २ टाकून बघा. १ − ई^(−२) म्हणजे सुमारे ०.८६. मोटार सुरू होताक्षणी ८६ टक्के वेगात! असली मोटार बाजारात मिळत नाही. शिवाय घातातला दुहेरी कंस बघा: ई^(−ट − २) लिहिलंत तर ते वेगळं, ई^(−(ट − २)) वेगळं. पहिल्यात उणे २ आहे, दुसऱ्यात अधिक २ होतो.

लॉग आणि कन्व्होल्युशन

लॉग((स + ३)/(स + १)) यासारखा प्रश्न तक्त्यात सापडत नाही. इथे विकलन करा. लॉगचे दोन भाग करून विकलन घेतलं की १/(स + ३) − १/(स + १), आणि त्याचा इन्व्हर्स ई^(−३ट) − ई^(−ट). नियम असा की स च्या बाजूला विकलन म्हणजे ट च्या बाजूला −ट ने गुणणं. म्हणून −ट ने भागा:

(ई^(−ट) − ई^(−३ट))/ट

स च्या बाजूला टॅन इन्व्हर्स आला तरी हीच रीत. इथे लॉग स + ३/स + १ असं बिनकंसाचं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यातून काय काय निघू शकतं याची मोजदाद न केलेली बरी.

कन्व्होल्युशन प्रमेयाने (स मधल्या गुणाकाराचा इन्व्हर्स ट मधल्या इंटिग्रेशनने काढायची रीत) सोडवा असं प्रश्नात म्हटलं असेल तर त्यानेच सोडवा, मार्क त्या रीतीला असतात. तसं म्हटलं नसेल आणि अवयव पडत असतील तर त्या वाटेला जाऊ नका. १/(स^२ + ४)^२ सारख्या ठिकाणी मात्र ते कामाला येतं. उत्तर (साइन(२ट) − २ट कॉस(२ट))/१६. लेखाच्या सुरुवातीला म्हटलं ना, इंटिग्रेशन जवळजवळ लागत नाही. ते 'जवळजवळ' या जागेसाठी होतं.

उत्तर तपासा

पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे अपूर्णांकाची फोड, झाल्यावर मूळ रूपात आणि फोडलेल्या रूपात स = ० टाकून बघा. वरच्या पहिल्या उदाहरणात मूळ रूप १/(−२), फोडलेलं रूप २/(−१) + ३/२, दोन्हीकडे −०.५. जुळलं. स = ० ने छेद शून्य होत असेल तर दुसरा कुठलाही सोपा आकडा घ्या.

उत्तराला ट = ० टाका आणि मूळ रूपाला स ने गुणून स खूप मोठा करा. दोन्ही सारखं यायला हवं. (५स + १)/(स^२ + स − २) मध्ये ५ येतो, उत्तरात २ + ३. वर्ग पूर्ण केलेल्या उदाहरणात दोन्हीकडे २. डेल्टा असेल तिथे ही तपासणी लावू नका. परीक्षेत अर्ध्या मिनिटात होणारं काम आहे.

घरी वुल्फ्रॅम अल्फावर किंवा मॅटलॅबवरही ताडून बघता येतं. पण ही यंत्रं भोळी असतात. तुम्ही १/स^२ + ४ टाकलंत तर ती निमूटपणे ट आणि डेल्टा देतील आणि तुम्हाला वाटेल पुस्तक चुकलं.

टाइप करताना आणि शंका विचारताना

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं बटण एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. त्यात कंसासकट अपूर्णांक टाइप करून स्पेस दिलीत की त्याची आडवी रेघ आपोआप तयार होते. सबमिशनच्या फाइलला हे पुरेसं आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट मोठा असेल तर लेटेक ही गणित टाइप करायची प्रणाली शिकून घ्या. त्यात अंश आणि छेद वेगवेगळ्या महिरपी कंसांत द्यावेच लागतात, त्यामुळे वरची अर्धी भांडणं तिथे उद्भवतच नाहीत.

व्हॉट्सॲपवर गुणाकाराला फुली (*) वापरू नका. दोन फुल्यांमधला मजकूर ठळक होतो आणि फुल्या दिसेनाशा होतात. दोन कंस शेजारी ठेवले की गुणाकार समजतोच. फोटो पाठवणार असाल तर पूर्ण प्रश्न येऊ द्या, "फाइंड इन्व्हर्स बाय..." च्या पुढचा शब्द कापलेला फोटो कुणाच्या उपयोगाचा नाही.

आणि नुसतं "सर हे येत नाय" असं पाठवू नका. कुठपर्यंत आलात ते लिहा. उदाहरणार्थ: "(२स + ३)/(स^२ + ६स + २५) मध्ये छेद (स + ३)^२ + १६ केला, अंश २(स + ३) − ३ केला, कॉसचं पद आलं. साइनच्या पदात माझं उत्तर ३ येतंय, पुस्तकात ३/४ आहे." असा मेसेज आला की मी एसटीत उभा असलो तरी उत्तर देता येतं: साइनच्या ओळीत वर ४ लागतो, ४ ने गुण आणि ४ ने भाग.